वेदनाशामक गोळ्या कमी करताना छातीत धडधड का होते? घाबरायचं कधी आणि धीर धरायचा कधी?

समजा, वर्षभरापूर्वी तुमच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखणं आवरेना म्हणून डॉक्टरांनी ट्रमाडॉल लिहून दिलं. आधी दिवसातून दोनदा, मग तीनदा. आता पाठ बरीच बरी आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले, 'गोळ्या हळूहळू कमी करूया.' पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली ती छातीतल्या धडधडीनं. तळहात घामानं ओले, पोटात कालवाकालव आणि उशीला कान टेकवला की स्वतःच्याच ठोक्यांचा आवाज.

अशा वेळी मनात दोन विचार येतात. एक, 'हार्ट अटॅक तर नाही ना?' दुसरा, 'एक गोळी घेतली की थांबेल.' आणि हात स्ट्रिपकडे जातो.

ओपिऑइड प्रकारातल्या वेदनाशामकांचा डोस कमी करताना धडधड होणं हा अनेकांना येणारा अनुभव आहे. बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच असतो की, डोस ज्या वेगानं कमी होतोय तो वेग शरीराला झेपत नाहीये. पण प्रत्येक वेळी तसंच असेल असं नाही. म्हणूनच ही धडधड येते कुठून, ती कधी साधी असते आणि कधी दवाखाना गाठायचा, हे आधीच माहीत असलेलं बरं. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला नको.

आधी हे बघा: तुमची गोळी ओपिऑइड आहे का?

आपल्याकडे सगळ्या वेदनाशामकांना सरसकट 'पेनकिलर' म्हणतात. पण त्यात दोन वेगळी कुळं आहेत.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक ही नावं आपल्या ओळखीची आहेत. ही औषधं ओपिऑइड नाहीत. ती बंद केल्यावर या लेखात सांगितलेला त्रास होत नाही.

दुसरं कूळ ओपिऑइडचं. मॉर्फिन, कोडीन, ट्रमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल, ब्युप्रेनॉर्फिन, ऑक्सिकोडोन, मेथाडोन ही त्यातली नावं. काही थेट अफूपासून मिळतात, काही प्रयोगशाळेत तयार होतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत जे ओपिऑइड रिसेप्टर असतात, त्यांना जाऊन चिकटणं हे या सगळ्यांचं काम. त्यामुळे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो, पण बराच मंद होऊन.

गोंधळ होतो तो एकत्रित गोळ्यांमुळे. ट्रमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत असलेले अनेक ब्रँड आपल्याकडे मिळतात. घेणाऱ्याला वाटतं की ही 'जरा स्ट्राँग पॅरासिटामॉल' आहे. म्हणून स्ट्रिप उलटी करा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर लाल रंगात 'एनआरएक्स' अशी खूण असते. कळलं नाही तर केमिस्टला विचारा. हा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

शरीराला सवय लागणं म्हणजे व्यसन का?

नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एखादं ओपिऑइड औषध काही आठवडे रोज घेतलं की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. मग ते अचानक काढून घेतलं की शरीर तक्रार करतं. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात आणि त्या तक्रारीला विथड्रॉवल. डॉक्टरांनी सांगितलेला डोस तंतोतंत घेणाऱ्या, एकही गोळी जास्त न घेतलेल्या माणसालाही हे होऊ शकतं.

व्यसनात याच्या पलीकडच्या गोष्टी येतात. औषधाची तीव्र ओढ लागणं, नुकसान होतंय हे दिसत असूनही घेत राहणं, घेण्यावर ताबा न राहणं. धडधड झाली म्हणजे आपण 'व्यसनी' झालो, असं मानून गप्प बसणारे पुष्कळ असतात. या गप्प बसण्यामुळेच नुकसान होतं, कारण मग डॉक्टरांपर्यंत तक्रार पोचतच नाही.

मग धडधड नेमकी येते कुठून?

मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात, एक इवलासा पेशीसमूह आहे. त्याचं नाव 'लोकस सेरुलियस'. लॅटिनमध्ये याचा अर्थ साधारण 'निळी जागा' असा होतो, कारण या पेशींमधल्या रंगद्रव्यामुळे ती जागा निळसर दिसते. मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाचा हा मोठा पुरवठादार. आपण दचकतो, सावध होतो, झोपेतून खडबडून उठतो, त्या प्रत्येक वेळी ही जागा कामाला लागलेली असते.

ओपिऑइड औषधं या निळ्या जागेला शांत ठेवतात. पण औषध रोजच येऊ लागलं की तिथल्या पेशी त्याविरुद्ध जोर लावायला शिकतात. आतली यंत्रणा वाढवतात, म्हणजे औषध असतानाही त्यांचं काम जवळपास नेहमीसारखं चालू राहतं.

हे गाडीच्या उदाहरणानं लवकर समजेल. ब्रेक दाबलेला आहे, तरी गाडी चालत राहावी म्हणून कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटरही दाबून धरलाय. आता ब्रेकवरचा पाय एकदम उचलला तर? गाडी उसळी मारून पुढे जाणार. औषध हा ब्रेक. पेशींनी वाढवलेला जोर हा अ‍ॅक्सिलरेटर. डोस कमी केला की ब्रेक सैल होतो, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायला पेशींना काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात नॉरअ‍ॅड्रेनलिन जास्त सुटतं. हृदय जोरात आणि वेगानं धडधडतं, रक्तदाब थोडा वाढतो, घाम येतो, अंगावर काटा येतो, झोप उडते.

हा फक्त तर्क नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं क्लोनिडीन हे औषध विथड्रॉवलची लक्षणं दाबू शकतं. क्लोनिडीन नॉरअ‍ॅड्रेनलिनचं सुटणं कमी करतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन आवरलं की लक्षणंही आवरतात, याचा तो भक्कम पुरावा होता.

विथड्रॉवल किती तीव्र आहे हे मोजायला डॉक्टर ११ मुद्द्यांची एक मोजपट्टी वापरतात. तिच्यातला पहिलाच मुद्दा नाडीच्या ठोक्यांचा आहे. मिनिटाला ८० किंवा कमी ठोके असतील तर शून्य गुण, १२० च्या वर गेले तर ४ गुण. म्हणजे धडधड हे विथड्रॉवलचं ओळखीचं लक्षण आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

ही धडधड कधी सुरू होते, किती दिवस राहते?

ते औषध शरीरात किती वेळ टिकतं यावर अवलंबून आहे. लवकर उतरणारं ओपिऑइड पूर्ण थांबवलं तर शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते २४ तासांत त्रास सुरू होतो आणि ४ ते १० दिवस राहू शकतो. मेथाडोनसारखं हळू उतरणारं औषध असेल तर सुरुवात १२ ते ४८ तासांनी होते आणि त्रास १० ते २० दिवस चालू शकतो.

टप्प्याटप्प्यानं डोस कमी करताना त्रास सहसा यापेक्षा सौम्य असतो. प्रत्येक कपातीनंतर काही दिवस धडधड, जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, बेचैनी, पातळ शौच असं काहीतरी होतं आणि मग ओसरतं. पुढच्या कपातीला पुन्हा थोडं होतं. धडधडीबरोबर ही बाकीची लक्षणंही असतील, ती कपातीनंतर लगेच आली असतील आणि दिवसागणिक कमी होत असतील, तर ती विथड्रॉवलची असण्याची शक्यता जास्त.

सगळी औषधं सारखी वागत नाहीत

ट्रमाडॉल हे दुहेरी काम करणारं औषध आहे. ते ओपिऑइड रिसेप्टरवर काम करतंच, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनांवरही परिणाम करतं. त्यामुळे ते एकदम बंद केलं तर नेहमीच्या लक्षणांबरोबर काही जणांना घबराटीचे झटके, हातापायांना मुंग्या, गोंधळल्यासारखं होणं असे प्रकारही होतात. घबराटीच्या झटक्यात तर धडधड असतेच. टॅपेंटाडॉलचाही नॉरअ‍ॅड्रेनलिनशी थेट संबंध आहे.

मेथाडोनची गोष्ट आणखी वेगळी. ते हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतं. इसीजीमध्ये 'क्यूटी' नावाचं एक अंतर मोजतात. ते फार लांबलं तर हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते. मेथाडोन घेणाऱ्याला धडधड किंवा चक्कर आली, तर 'विथड्रॉवल असेल' असं म्हणून सोडून देऊ नये. इसीजी काढावा.

डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन नावाचं एक जुनं ओपिऑइड याच कारणासाठी वादात सापडलं होतं. हृदयाच्या लयीवरच्या परिणामांमुळे अमेरिकेत ते नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. भारतातही २०१३ मध्ये त्यावर बंदी आली होती.

फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच लावत असाल तर डोस कमी करण्यासाठी तो स्वतः कात्रीनं कापू नका. हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्याही तोडायच्या किंवा कुटायच्या नसतात. तोडल्यावर दिवसभरात मिळायचं औषध एकदमच शरीरात जाऊ शकतं.

धडधडीला दुसरं कारणही असू शकतं

डोस कमी करतोय म्हणून प्रत्येक धडधडीचं खापर त्याच्यावर फोडणं चुकीचं. ही कारणंही तपासावी लागतात:

• उलट्या-जुलाबांमुळे शरीरातलं पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होणं. यानं हृदयाची लय खरोखर बिघडू शकते.

• दबलेली वेदना परत येणं. वेदनेमुळेही नाडी वाढते.

• अ‍ॅनिमिया, थायरॉइडचा विकार, ताप किंवा जंतुसंसर्ग.

• दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, जास्त चहा-कॉफी, सिगारेट, तंबाखू.

• बीटा ब्लॉकर प्रकारातली रक्तदाबाची गोळी त्याच सुमारास चुकणं किंवा बंद होणं.

• दारू किंवा झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या त्याच वेळी बंद करणं. हे विशेष धोक्याचं आहे. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅमसारख्या गोळ्या किंवा रोजची दारू अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. ओपिऑइड आणि या गोष्टी एकदम बंद करण्याचा 'निश्चय' स्वतःच्या मनानं करू नका.

• आधीपासून असलेला, पण लक्षात न आलेला हृदयविकार. तीव्र विथड्रॉवलचा ताण हृदयाच्या स्नायूवर येऊन तो तात्पुरता कमजोर झाल्याच्या क्वचित घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदवलेल्या आहेत.

सकाळची वाट न बघता दवाखान्यात कधी जायचं?

यापैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या तातडीच्या विभागात जा:

• छातीत दुखणं, दाबल्यासारखं वाटणं, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं

• शुद्ध हरपणं किंवा हरपता हरपता राहणं

• विश्रांतीतही दम लागणं

• शांत बसूनही नाडी मिनिटाला १२० च्या वर आणि ती खाली न येणं

• ठोके अगदी अनियमित पडणं

• फिट येणं, खूप गोंधळणं

• पाणीही पोटात न टिकणं, लघवी फार कमी होणं

वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर उंबरठा आणखी खाली ठेवा. म्हणजे लक्षण सौम्य असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गरोदर असाल तर ओपिऑइड स्वतःहून कमी करूच नका. विथड्रॉवलचा त्रास बाळापर्यंत पोचू शकतो.

नाडी मोजा आणि लिहून ठेवा

'धडधडतंय' या एका शब्दावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. आकडे असतील तर कळतं.

पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या आतल्या भागावर दोन बोटं ठेवा. ३० सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण ६० सेकंद मोजा. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १०० असते.

मग मोबाइलमध्ये किंवा वहीत एवढं लिहा: वेळ, नाडी, धडधड किती मिनिटं टिकली, शेवटची गोळी कधी आणि किती मिलिग्रॅम, शेवटची कपात कोणत्या दिवशी, बरोबर आणखी काय होत होतं, त्याआधी चहा-कॉफी किती झाली. चार दिवसांची अशी नोंद समोर ठेवली की डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो.

स्मार्टवॉच असेल तर नाडी बघायला ते उपयोगी आहे. पण छातीत दुखतंय आणि घड्याळ 'नॉर्मल' दाखवतंय म्हणून घरी थांबू नका. हार्ट अटॅक नाही, हे घड्याळ सांगू शकत नाही.

डोस किती वेगानं कमी करायचा?

इथं अमेरिकेचा अनुभव महत्त्वाचा आहे. ओपिऑइडच्या अतिवापरानं तिथं मोठं संकट उभं राहिलं. २०१६ मध्ये सीडीसी या तिथल्या आरोग्य संस्थेनं डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे अनेक ठिकाणी त्यांचा अर्थ फार कडक लावला गेला आणि वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या रुग्णांचे डोस झटपट कमी केले गेले. त्याचे परिणाम इतके गंभीर होते की, एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला: शारीरिक अवलंबित्व असलेल्या रुग्णाचं औषध अचानक थांबवल्यानं तीव्र विथड्रॉवल, असह्य वेदना, मानसिक त्रास आणि आत्महत्या असे प्रकार घडू शकतात.

२०२२ च्या सुधारित सूचना म्हणूनच सबुरीच्या आहेत. वर्षभर किंवा जास्त काळ औषध घेतलं असेल, तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू कपात बहुतेकांना जास्त झेपते. काही आठवडे किंवा महिनेच घेतलं असेल, तर आठवड्याला मूळ डोसच्या १० टक्के, असा वेग चालू शकतो. हे आकडे सर्वांना एकाच मापानं लावायचे नाहीत. तुमचा वेग तुमचे डॉक्टरच ठरवतील.

पण एक गणित स्वतः समजून घ्या, कारण नेमकी इथंच चूक होते. समजा, कुणी दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कॅप्सूल घेतं आणि दर वेळी 'एकच' कमी करतं. सहावरून पाचवर येणं म्हणजे सुमारे १७ टक्के कपात. चारवरून तीनवर येणं म्हणजे २५ टक्के. दोनवरून एकवर येणं म्हणजे थेट ५० टक्के. कपात दर वेळी एकाच कॅप्सूलची, पण शरीराला बसणारा धक्का दर वेळी मोठा. सुरुवातीचे टप्पे सहज पार पडले आणि शेवटी, 'आता तर उरल्यात दोनच', असं म्हणत असतानाच छाती धडधडायला लागली, तर त्यामागे बहुधा हेच गणित असतं.

म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यात हळू घ्यायचे असतात. डॉक्टर कमी ताकदीची गोळी देऊ शकतात, दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवू शकतात किंवा एकाच टप्प्यावर काही आठवडे थांबू शकतात. थांबणं म्हणजे हरणं नाही. ते उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टर आणखी काय करू शकतात?

लक्षणं आणि इतर आजार पाहून ते इसीजी, पोटॅशियम-मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड अशा तपासण्या सांगू शकतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन आवरण्यासाठी काही रुग्णांना क्लोनिडीन देतात. याच जातीचं लोफेक्सिडीन हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये खास विथड्रॉवलच्या लक्षणांसाठी मंजूर झालं.

मात्र क्लोनिडीन कुणाचं तरी बघून घेण्याचं औषध नाही. त्यानं रक्तदाब आणि नाडी दोन्ही खाली येतात, उभं राहताना चक्कर येते आणि ते अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो.

दोन औषधांबाबत विशेष सावध राहा. जुलाबांसाठीचं लोपेरामाइड विथड्रॉवल दाबायला भरमसाट घेण्याचे प्रकार अमेरिकेत घडले. जास्त मात्रेत ते हृदयाची लय जीवघेणी बिघडवू शकतं, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये दिला. उलटीसाठीचं ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी अंतर वाढवू शकतं. मेथाडोन चालू असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आत्ता, घरी काय करता येईल?

धोक्याची लक्षणं नसतील तर उठून बसा. पाय जमिनीवर टेकवा. नाकानं श्वास आत घ्या आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून हळू बाहेर सोडा. असं पाच-सात मिनिटं करा. पाणी प्या. जुलाब झाले असतील तर ओआरएस घ्या, पण किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

त्या आठवड्यात चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि दुपारनंतर टाळा. तंबाखू आणि सिगारेटनं धडधड वाढते. दारूनं झोप लागेल असं वाटतं, पण ओपिऑइडबरोबर दारू घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

घरातल्या एका तरी माणसाला आधी सांगून ठेवा की डोस कमी करणं चालू आहे. आई-वडिलांपैकी कुणाचा डोस कमी होत असेल तर त्यांच्या चिडचिडीवर वाद घालण्याआधी 'धडधडतंय का?' एवढं विचारा. ज्येष्ठ मंडळी बरेचदा 'गॅस झाला असेल' म्हणून वेळ मारून नेतात.

'सहन होत नाही, जुना डोस परत घेऊ का?'

या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक वाचा.

काही दिवस किंवा आठवडे कमी डोसवर राहिलं की शरीराची जुना डोस पेलण्याची क्षमता कमी होते. मग पूर्वी सहज चालणारा डोस एकदम घेतला, तर श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. हाक मारूनही माणूस उठत नाही, श्वास फार हळू किंवा थांबत थांबत चालतोय, ओठ निळे पडलेत, असं दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा.

त्रास फार होत असेल तर पुढची कपात थांबवा, आत्ता चालू आहे तो डोस तसाच ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. किती मागे जायचं की तिथंच थांबायचं, हे त्यांना ठरवू द्या.

स्ट्रिप संपण्याआधीचं नियोजन

डोस नकळत बंद होण्याचं एक साधं कारण म्हणजे गोळी न मिळणं. ट्रमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आलं आहे. ते औषधांच्या 'एच-वन' यादीतही आहे. म्हणजे केमिस्टला डॉक्टरांची चिठ्ठी बघावी लागते, वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाची आणि डॉक्टरांची नोंद करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. ओळखीचा केमिस्ट 'आज नाही देता येणार' म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका.

गणपतीला कोकणात किंवा दिवाळीत गावी जाणार असाल तर किती गोळ्या लागतील ते मोजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. सुट्टीत दवाखाना बंद, स्ट्रिप संपलेली आणि छातीत धडधड, अशी वेळ थोड्या नियोजनानं टळू शकते.

ही नियमावली उगाच नाही. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, देशातले सुमारे २ कोटी २६ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या २.१ टक्के, ओपिऑइड घेत असल्याचा अंदाज होता. यात अफू आणि हेरॉइनबरोबर औषधांच्या दुकानातली ओपिऑइडही आली.

गोळीवर ताबा राहत नाही असं वाटत असेल तर केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. मनाचा त्रास, घबराट, जगणं नकोसं वाटणं यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

कॅन्सरसारख्या आजारात मात्र या औषधांना घाबरून ती बंद करू नका. तिथं ओपिऑइड वेदनेपासून माणसाला खरा आराम देतात. डोस कमी करायचा की नाही, हा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढेच ठेवा.

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते एवढं

डोस कमी केल्यावर होणारी धडधड खरी असते, तिला कारण असतं आणि ती बहुतेक वेळा ओसरते. धोक्याची लक्षणं असतील तर १०८. नसतील तर नाडी मोजा, लिहा, पुढची कपात थांबवा आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा. त्यांना सांगायला एक वाक्य पुरेल: 'डॉक्टर, अमुक दिवशी गोळी कमी केली, तेव्हापासून रात्री नाडी इतकी होतेय. वेग कमी करता येईल का?'

हा लेख माहितीसाठी आहे. तुमचा डोस वाढवण्याचा, कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.